नोटरीचा शिक्का: काय सांगतो आणि काय सांगत नाही

बँकेचे पासबुक हरवले, शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधार कार्डावर दुसरेच पडले, विजेचे मीटर वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर करायचे आहे, अशी कामे निघाली की खिडकीमागचा कारकून ठरलेले वाक्य ऐकवतो: ‘नोटरी करून आणा.’ मग कोर्टाच्या किंवा तहसील कचेरीच्या आवारात टेबल मांडून बसलेल्या वकिलाकडे जायचे, मजकूर टाइप करून घ्यायचा, सही ठोकायची आणि गोल शिक्का मारून घ्यायचा. तो उमटला की कारकून मुकाट्याने कागद फायलीला लावतो. असाच गोल शिक्का असलेला जमीनखरेदीचा कागद घेऊन कोणी तलाठ्याकडे गेले, तर मात्र सातबाऱ्यावर नाव लागत नाही. शिक्का खरा, नोटरीची सही खरी, पैसेही रोख मोजलेले, तरी कागद परत येतो. एका खिडकीवर मान आणि शेजारच्या खिडकीवर शून्य किंमत, असे का व्हावे?

याचे उत्तर नोटरीच्या कामाच्या स्वरूपात आहे. नोटरी हा सहीचा साक्षीदार आहे. मजकुराच्या खरेपणाचा तो जामीन नाही, आणि हक्क या हातातून त्या हातात देण्याचा अधिकार तर त्याला मुळीच नाही. पहिल्या खिडकीला फक्त सहीची खात्री हवी होती, ती मिळाली. दुसऱ्या खिडकीला मालकी बदलल्याचा दस्त हवा होता, तो त्या कागदात नव्हता. हा भेद नीट कळला तर नोटरीचा उपयोगही कळतो आणि त्याच्या नावावर होणारी फसवणूकही ओळखता येते.

न पाहिलेल्या सहीवर विश्वास

ही व्यवस्था मुळात व्यापाराच्या गरजेतून वाढली. मुंबईच्या पेढीने लिहिलेली हुंडी दूरच्या गावच्या पेढीने वटवायला नकार दिला, असे समजा. हुंडी ज्याच्या हातात आहे, त्याला आता मूळ पेढीकडून किंवा मधल्या कोणाकडून पैसे वसूल करायचे आहेत. पण हुंडी खरोखर दाखवली गेली होती का, नकार कोणत्या दिवशी मिळाला, काय कारण सांगितले, हे शेकडो मैलांवरच्या माणसाला कसे पटवायचे? अशा वेळी दोन्ही बाजूंशी देणेघेणे नसलेला, सरकारने नेमलेला माणूस ती हुंडी पुन्हा सादर करतो, मिळालेला नकार तिथल्या तिथे टिपून घेतो आणि तसा दाखला देतो. १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमात या टिपणाची आणि त्यावर आधारलेल्या निषेधपत्राची तरतूद आहे, आणि हे काम त्या कायद्याने नोटरीकडे सोपवले आहे. वादळात सापडलेले जहाज बंदराला लागले की कप्तान नोटरीपुढे घडला प्रकार नोंदवून ठेवतो, तेही याच कारणाने. माल भिजला म्हणून पुढे मालधनी आणि विमा कंपनी भांडतील, तेव्हा त्या दिवशी लिहून ठेवलेले निवेदन उपयोगी पडते.

इंग्रजी अमदानीत भारतातल्या नोटरींची नेमणूक मोठ्या विचित्र पद्धतीने होत असे. हुंड्या आणि वचनचिठ्ठ्यांपुरते नोटरी इथले सरकार नेमी, पण नोटरीची सगळी कामे करण्याची सनद इंग्लंडमधल्या ‘मास्टर ऑफ द फॅकल्टीज’ या धर्मपीठाशी जोडलेल्या अधिकाऱ्याकडून येई. स्वतंत्र देशाला हे शोभणारे नव्हते. म्हणून १९५२ साली नोटरी अधिनियम झाला आणि १९५६ साली त्याचे नियम आले. तेव्हापासून केंद्र सरकार देशभरासाठी किंवा त्यातल्या एखाद्या भागासाठी, आणि राज्य सरकार आपल्या राज्यासाठी किंवा त्यातल्या एखाद्या भागासाठी नोटरी नेमते. कायद्याच्या आठव्या कलमात कामांची यादी आहे: दस्तावरच्या सह्यांचे साक्षांकन, शपथ देणे आणि प्रतिज्ञापत्र घेणे, हुंडी व वचनचिठ्ठीचे टिपण, जहाजाचे निषेधपत्र, भाषांतर करून ते बरोबर असल्याचा दाखला देणे, वगैरे. यादी वरवर विस्कळीत वाटते, पण सगळ्या कामांच्या मुळाशी गरज एकच आहे. जी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडली नाही, ती घडली असे मानायला त्रयस्थाचा दाखला हवा.

पाच सेंटिमीटरचे वर्तुळ आणि एक वही

नोटरी होण्यासाठी वकिलीचा किमान १० वर्षांचा अनुभव लागतो. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास वर्ग आणि महिला यांच्यासाठी ही अट ७ वर्षांची आहे. नेमणूक झाली की व्यवसायाचे प्रमाणपत्र मिळते, त्याची मुदत ५ वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करावे लागते. मुदत संपलेली असताना किंवा ठरवून दिलेल्या क्षेत्राबाहेर नोटरीने काम करायचे नाही. नोटरी नसताना तसे भासवणाऱ्याला कायद्याने वर्षभरापर्यंत कैद ठेवली आहे. शिक्का कसा असावा, हेही नियमांनी ठरवले आहे. तो साधा, गोल, ५ सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि त्यावर नोटरीचे नाव, कामाचे क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचे नाव असते. एखाद्या कागदावरच्या शिक्क्यात यातली एखादी गोष्ट दिसत नसेल किंवा वाचता येत नसेल, तर थांबून विचारायला हवे.

लोकांचे लक्ष शिक्क्याकडे असते, पण खरे वजन शेजारच्या जाडजूड नोंदवहीला आहे. नोटरीने केलेले प्रत्येक काम या वहीत क्रमाने चढवायचे असते. अनुक्रमांक, तारीख, कामाचा प्रकार, सही करणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता, कागदाचा थोडक्यात मजकूर, लावलेले तिकीट, घेतलेले शुल्क, पावतीचा क्रमांक आणि शेवटी त्या माणसाची व नोटरीची सही, असे तिचे रकाने असतात. तुमच्या प्रतिज्ञापत्राच्या शेवटच्या पानावर ‘माझ्यासमोर’ या शब्दाखाली नोटरीची सही असते आणि बाजूला हाताने लिहिलेला एक अनुक्रमांक असतो. तो या वहीतला क्रमांक. उद्या कोणी म्हणाले की ही सही माझी नव्हेच, तर त्या क्रमांकावरून वहीचे पान उघडता येते आणि तिथल्या दुसऱ्या सहीशी ताडून पाहता येते. नोंदवहीत नोंद नसलेला शिक्का म्हणजे नुसती शाई.

कामाचा क्रमही समजून घेण्याजोगा आहे. आधी माणूस समोर हजर हवा. मग त्याची ओळख पटायला हवी, एक तर ओळखपत्रावरून किंवा त्याला ओळखणाऱ्या वकिलाने तशी सही केल्यावरून. त्यानंतर त्याने नोटरीच्या डोळ्यांसमोर सही करायची. प्रतिज्ञापत्र असेल तर मजकूर खरा असल्याची शपथ घ्यायची. शेवटी नोटरीची सही, शिक्का, तिकीट आणि वहीतली नोंद. सत्यप्रत करायची असेल तर मूळ कागद आणि झेरॉक्स शेजारी ठेवून ताडून पाहायची. या सगळ्या क्रमात मजकुराची शहानिशा करण्याची पायरी कुठेही नाही, हे लक्षात घ्यावे. टपाल कचेरीचा शिक्का पाकिटावर बसतो, तेव्हा ते पाकीट कोणत्या गावातून, कोणत्या तारखेला निघाले हे कळते. आतल्या पत्रात लिहिलेले खरे की खोटे, यावर पोस्टमास्तर काही बोलत नाही. नोटरीचे म्हणणेही तेवढेच असते.

मग या शिक्क्याला किंमत काय?

यावर कोणी म्हणेल, की मजकुराची हमीच नसेल तर हा खटाटोप कशासाठी? पण कोर्टकचेरीत निम्मी भांडणे सहीवरूनच पेटतात. ‘ही सही माझी नाही’, ‘त्या दिवशी मी गावात नव्हतो’, ‘कोऱ्या कागदावर सही घेतली’ हे बचाव वकिलांना रोज ऐकायला मिळतात. अशा बचावांची धार नोटरी कमी करतो. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मधल्या ८४व्या कलमानुसार, नोटरीपुढे करून दिलेले आणि त्याने प्रमाणित केलेले मुखत्यारपत्र तसेच करून दिले गेले आहे, असे न्यायालय गृहीत धरते. जुन्या १८७२च्या कायद्यात हेच ८५व्या कलमात होते. हे गृहीतक खोडून काढता येते, पण खोडण्याचे ओझे आता नाही म्हणणाऱ्यावर पडते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३९व्या कलमानुसार प्रतिज्ञापत्रासाठी शपथ देण्याचा अधिकारही नोटरीला आहे.

शपथेमुळे मजकुराबाबत एक गोष्ट बदलते, पण ती नोटरीच्या अंगावर येत नाही. खरेपणाची जबाबदारी लिहून देणाऱ्याच्या मानेवर बसते. कायद्याने पुरावा म्हणून घेता येणाऱ्या प्रतिज्ञापत्रात जाणूनबुजून खोटे लिहिले, तर तो खोटा पुरावा दिल्यासारखा गुन्हा ठरतो. भारतीय न्याय संहितेत त्याला न्यायालयीन कामकाजात ७ वर्षांपर्यंत आणि एरवी ३ वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे नोटरी खोटे थांबवू शकत नाही, पण खोटे बोलणारा कोण होता हे पक्के करून ठेवतो. कारकुनाला प्रतिज्ञापत्र हवे असते ते याचसाठी. पुढे लफडे निघाले तर कोणाला धरायचे, याचे उत्तर त्याच्या फायलीत तयार असते.

‘नोटरीवर’ घेतलेली जागा

महाराष्ट्रातल्या शहरांच्या कडेने हिंडले की ‘नोटरीवर जागा घेतली’ हे शब्द सर्रास कानावर पडतात. गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे, चाळीतली खोली, अतिक्रमणाच्या जागेवरचे घर, हे सारे स्टॅम्प पेपर आणि नोटरीच्या शिक्क्यावर हातोहात विकले गेले आहे. यामागे बहुधा अडचण असते, अज्ञान कमी. १९४७च्या तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याचे खरेदीखत दुय्यम निबंधक नोंदवत नसत, म्हणून लोक शेजारच्या टेबलावर गेले. पण कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधल्या ५४व्या कलमानुसार १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोंदणी अधिनियम, १९०८ मधले १७वे कलम अशा दस्ताची नोंदणी सक्तीची करते, आणि ४९वे कलम सांगते की नोंदणी न केलेल्या अशा दस्ताने मालमत्तेवर काहीही परिणाम होत नाही. मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र असा तिहेरी जोड देऊन विक्री ‘भागवण्याची’ वाट सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात बंद केली. अशा कागदांनी मालकी जात नाही, असे न्यायालयाने बजावले.

कायद्याने एवढा कडकपणा का ठेवला? तर नोंद कुठे राहते, यावर सारे अवलंबून आहे. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की तो सरकारी अभिलेखात जातो, दोन्ही बाजूंचे फोटो आणि अंगठे घेतले जातात, आणि सूची क्रमांक २ मध्ये त्याची नोंद होते. ती सूची कोणालाही पाहता येते. म्हणून नोंदणी झालेला व्यवहार साऱ्या जगाला माहीत आहे, असे कायदा धरून चालतो. नोटरीची वही मात्र नोटरीच्याच कपाटात राहते, आणि एका नोटरीची वही दुसऱ्याला दिसत नाही. एखाद्या लबाडाने सकाळी एका नोटरीकडे, दुपारी दुसऱ्याकडे आणि संध्याकाळी तिसऱ्याकडे तोच प्लॉट तिघांना विकला, तर तिन्ही शिक्के अस्सल असतील, तिन्ही वह्यांतल्या नोंदी बरोबर असतील आणि तिन्ही नोटरींनी आपले काम चोख केलेले असेल. तिन्ही खरेदीदार मात्र मालकीवाचून राहतील. शेवटी पैसे कोणी कोणाला दिले याच्या वसुलीसाठी तो कागद फार तर एक धागा म्हणून उपयोगी पडेल.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की दुय्यम निबंधक तरी विकणाऱ्याची मालकी कुठे तपासतो? आक्षेप रास्त आहे. नोंदणी म्हणजे निर्दोष मालकीची हमी नव्हे. म्हणून तर खरेदीआधी वकिलाकडून जुने दस्त आणि सूची शोधून घ्यायची असते. पण विकणाऱ्याकडे मालकी असेल, तर नोंदणीकृत खरेदीखताने ती खरेदीदाराकडे जाते, आणि पुढच्या माणसाला ते कळू शकते. नोटरीच्या कागदात विकणारा शंभर टक्के खरा मालक असला तरी मालकी जातच नाही. दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो: ‘वीस वर्षे राहतोय, लाइट बिल नावावर आहे, घरपट्टी भरतो, कोणी काही म्हणाले नाही.’ राहणे म्हणजे ताबा. वीजबिल आणि घरपट्टी ताब्याचीच साक्ष देतात. ताबा आणि मालकी यांतले अंतर एरवी जाणवत नाही. बँकेकडे कर्ज मागताना, भूसंपादनाचा मोबदला वाटताना किंवा पुनर्विकासात पात्रता ठरताना ते एकदम समोर उभे राहते.

भाडेकरार, लग्न आणि मृत्युपत्र

अकरा महिन्यांच्या भाडेकरारामागचे गणित असे: नोंदणी अधिनियमात एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा सक्तीने नोंदवावा लागतो, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्राने ती आपल्यापुरती बुजवली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधल्या ५५व्या कलमानुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय घरमालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे नोटरीवर करार करून पैसे वाचवणारा घरमालक आपल्याच हाताने आपली बाजू लंगडी करतो.

लग्नाच्या बाबतीत गोंधळ याहून गंभीर आहे. घरच्यांचा विरोध असलेली जोडपी ‘नोटरी मॅरेज’ करून मोकळी होतात आणि काही जोडपी स्टॅम्प पेपरवर ‘काडीमोड’ लिहून देतात. विवाह होतो तो त्या त्या व्यक्तिगत कायद्यातल्या विधींनी, किंवा विशेष विवाह अधिनियम, १९५४ प्रमाणे ३० दिवसांची नोटीस देऊन विवाह अधिकाऱ्यापुढे तीन साक्षीदारांसह. हिंदू विवाह कायद्यातला परस्पर संमतीचा घटस्फोटसुद्धा न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच मिळतो. हा प्रकार इतका बोकाळला, की केंद्रीय विधी मंत्रालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्व नोटरींना बजावावे लागले: विवाहाचे किंवा घटस्फोटाचे कागद करण्याचा अधिकार तुम्हाला नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरा संसार मांडणाऱ्यावर द्विभार्येचा आरोप येऊ शकतो, आणि भोगावे लागते ते बहुतेक वेळा बाईला आणि मुलांना.

मृत्युपत्राचेही तसेच आहे. तिथे लोक नको तितके नोटरीवर विसंबतात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधले ६३वे कलम नोटरी मागत नाही आणि नोंदणीही सक्तीची करत नाही. हवेत ते दोन साक्षीदार, ज्यांनी करणाऱ्याला सही करताना पाहिले किंवा आपण सही केल्याचे त्याच्या तोंडून ऐकले, आणि मग त्याच्यासमोर स्वतःही सही केली. नोटरीचा शिक्का आहे पण साक्षीदार एकच आहे, असे मृत्युपत्र कोर्टात टिकणे अवघड.

गोव्याचा नोटरी आणि परदेशातले मुखत्यारपत्र

नोटरी म्हणजे फक्त सहीचा साक्षीदार, हे इंग्रजी परंपरेतले चित्र आहे. फ्रान्स, पोर्तुगाल यांसारख्या देशांत नोटरी दस्ताचा मजकूर स्वतः रचतो, पक्षकारांना कायदा समजावतो आणि अस्सल दस्त आपल्या दप्तरात जपतो. ही परंपरा मराठी वाचकाच्या अगदी शेजारी, गोव्यात नांदते आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेली व्यवस्था आता ‘गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, २०१२’ या कायद्याखाली चालते. वारस ठरवणारा दस्त किंवा जाहीर मृत्युपत्र तिथे विशेष नोटरीपुढे होते, आणि हे काम निबंधक कार्यालयातला सरकारी अधिकारी पाहतो. म्हणून म्हापशाच्या माणसाने ‘नोटरीकडे केले’ म्हटले आणि सावंतवाडीच्या माणसाने तेच म्हटले, तर दोघे एकच गोष्ट सांगत असतील असे नाही.

परदेशी असलेल्या मराठी कुटुंबांना दुसरा पेच पडतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाला पुण्यातली सदनिका विकायची आहे आणि त्यासाठी बहिणीला मुखत्यारपत्र द्यायचे आहे. नोंदणी अधिनियमाच्या ३३व्या कलमात यासाठी दोन वेगळ्या वाटा आहेत. दस्त नोंदणीसाठी सादर करण्याचे मुखत्यारपत्र देणारा भारतात राहत असेल, तर ते निबंधकापुढेच करावे लागते, इथल्या नोटरीचा शिक्का पुरत नाही. देणारा परदेशात असेल, तर मात्र तिथला नोटरी किंवा भारतीय वकिलात चालते. तिथल्या नोटरीचा शिक्का इथे मानला जावा म्हणून १९६१च्या हेग कराराने सदस्य देशांत ‘अपोस्टील’ हा एकच सरकारी दाखला पुरेसा ठरवला आणि भारत २००५ पासून त्या व्यवस्थेत आहे. असे मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे मात्र अनेकांच्या लक्षात राहत नाही.

समोर न पाहता मारलेला शिक्का

शेवटचा आक्षेप सगळ्यांत बोचरा आहे. कागदावर हे सगळे ठीक, पण प्रत्यक्षात सही आधीच झालेला कागद एजंट आणतो आणि शिक्का मारून घेऊन जातो, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. तसे होत असेल, तर ज्या एका गोष्टीसाठी नोटरी आहे तीच उरत नाही. गैरवर्तनाची चौकशी करण्याची आणि नोटरीचे नाव कायमचे काढून टाकण्याची तरतूद कायद्यात आणि नियमांत आहे, ती वापरायला हवी. पण दोष एकट्या नोटरीचा नाही. कार्यालये गरज नसतानाही सवयीने प्रतिज्ञापत्र मागतात आणि त्या गर्दीत हा अधिकार स्वस्त होतो. शासकीय कार्यालयांत आणि न्यायालयांत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्राने १ जुलै २००४ पासूनच माफ केले आहे, तरी लोकांना स्टॅम्प पेपर आणायला पाठवले जाते. २०१५ साली राज्य सरकारने अनेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतींऐवजी स्वतः सही केलेल्या प्रती घ्यायला सांगितले, तरी ‘नोटरी करून आणा’ थांबलेले नाही. स्टॅम्प पेपर हा तर निव्वळ कर भरल्याचा पुरावा. तो महागडा असला म्हणून आतला मजकूर अधिक कायदेशीर होत नाही.

चौकट: कोणते काम कोणाकडे

• प्रतिज्ञापत्र, सत्यप्रत, भाषांतराचा दाखला, हुंडी किंवा वचनचिठ्ठीचे टिपण: नोटरी.
• घर, जमीन, सदनिका यांची विक्री किंवा बक्षीसपत्र: दुय्यम निबंधकाकडे नोंदणी. नोटरी पुरत नाही.
• महाराष्ट्रातला भाडेकरार, अकरा महिन्यांचाही: नोंदणी सक्तीची.
• विवाह आणि घटस्फोट: नोटरीला अधिकार नाही.
• मृत्युपत्र: दोन साक्षीदार आवश्यक. नोंदणी ऐच्छिक. गोव्यात वेगळी पद्धत.
• शिक्का तपासताना: नोटरीचे नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक, नेमणारे सरकार, तारीख आणि नोंदवहीतला अनुक्रमांक.

नोटरीपुढे बसाल तेव्हा कोऱ्या जागा भरून घ्या, सही त्याच्या समोरच करा, वहीत नोंद होऊन तुमची सही घेतली जाते आहे ना ते पाहा आणि पावती मागा. आणि कोणी ‘नोटरी करून देतो, खरेदीखताची गरज नाही’ असे म्हणत जमिनीचा इसार मागत असेल, तर पैसे खिशातच ठेवून आधी दुय्यम निबंधक कार्यालयात चौकशी करा.